चौदा नंबरची स्लाइड

कसबा पेठ, पुणे
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय उत्कर्षाताई,

नमस्कार. पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या तिथल्या बाईंनाही नमस्कार, त्यांचं नाव माहीत नाही.

शुक्रवारी तुरुंगात मुलाखतीला वीस मिनिटं मिळाली. त्यातली दहा मी मनपाच्या स्टॉपवर बस कशी चुकली ते सांगण्यात घालवली. तू काचेपलीकडून नुसती बघत होतीस. मग तू भराभर बोललीस आणि त्या फोनमध्ये खरखर, म्हणून मला जे कळलं ते लिहून पाठवतो. चुकलं असेल तर दुरुस्त कर. लहानपणी माझं शुद्धलेखन करायचीस तसं.

बिबवेवाडीतल्या ‘वल्लरी’ इमारतीच्या तपासणीचं काम तुमच्या ऑफिसकडे होतं. तू त्याचं बत्तीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलंस आणि १२ जूनला सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याची लिंक पाठवलीस. १३ ला तू आर्वीला गेलीस, कारण मावशी न्हाणीत पडली होती. १५ तारखेला, रविवारी, सोसायटीच्या सभेत ते टीव्हीवर दाखवलं. चौदा नंबरच्या स्लाइडवर तू लिहिलं होतंस की मागच्या गॅलऱ्या वापरू नका. सभेत लोकांना दिसलं की किरकोळ दुरुस्ती आहे, पावसाळा झाला की करा. ९ जुलैला तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी खाली आली. कामाला येणाऱ्या कांताबाई तिथे धुणं वाळत घालत होत्या. त्या गेल्या. आणि पहिल्या स्लाइडवर नाव तुझं.

म्हणजे १२ ते १५ च्या मध्ये कोणीतरी स्लाइड बदलली. फाईल नेटवर असल्यामुळे तिचं प्रत्येक जुनं रूप तारीखवार साठलेलं असतं. ते मी शोधायचं आणि वकील अपूर्वा मॅडमना द्यायचं, १८ सप्टेंबरच्या जामिनाच्या तारखेआधी. बरोबर ना?

कोणीतरी म्हणजे तुमच्या ऑफिसचे श्याम सर, दुसरं कोण. सोसायटीवाले नाराज नकोत म्हणून केलं असणार.

काल मी वल्लरी बघून आलो. खरं तर जायचं होतं स्वारगेटला, पण एक ओळखीचा रिक्षावाला भेटला, तो त्या बाजूला निघाला होता. मागच्या बाजूला गॅलरीच्या नुसत्या सळया बाहेर आल्यात. एका सळईला धुण्याची दोरी अजून बांधलेली आहे आणि तिला निळा चिमटा. मी बघत उभा राहिलो तर वॉचमन आला.

“काय पाहिजे?”

“काही नाही.”

“मग काही नसलेलं रस्त्यावरून बघा.”

मावशीशी फोनवर बोललो. ती म्हणाली, “पोरीले म्हणा, माह्या पायाचं मी पाहीन, तू तुह्यं पाय.” मथुराबाई शेजारून दोन्ही वेळचं करून जाते.

तुझ्या खोलीचं कुलूप नीट लागतं. आळीतली तांब्याची ठोकठोक सकाळी सातलाच सुरू होते, तू कशी झोपायचीस कोण जाणे. फाईलचं काम या आठवड्यात करतोच.

तुझा,
शंभू


येरवडा
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

चि. शंभू,

आशीर्वाद. बरोबर कळलंय. एकच भर घालते: सेक्रेटरींनी काही केलं नाही. त्यांच्याकडे फक्त बघायची परवानगी होती. बदलायची परवानगी माझ्या ऑफिसच्या खात्यालाच होती.

आता नीट वाच आणि वाचता वाचता कुठे जाऊ नकोस.

लॅपटॉप पोलिसांकडे आहे. त्यांनी शेवटचं रूप छापून घेतलंय, मागचं काही बघितलेलं नाही. तुला मी दिलेला जुना फोन अजून माझ्या ऑफिसच्या खात्यात उघडा आहे, मी तो कधी बंद केलाच नाही. पण फोनवर जुनी रूपं दिसत नाहीत. एखाद्या नेट कॅफेत जा, मोठ्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघड. फोनवर विचारतील, तुम्हीच का. हो म्हण. फाईल उघडली की वरच्या घड्याळाच्या खुणेवर दाब. उजवीकडे तारखांची यादी येईल. प्रत्येक तारखेवर दाबलं की त्या वेळी स्लाइड कशा होत्या ते दिसतं, आणि बदल करणाऱ्याचं नाव. बघ फक्त. ‘परत आणा’ म्हणून बटण असतं, त्याला हात लावू नकोस.

१२ जून, दुपारचे चार, ते माझं शेवटचं. चौदाव्या स्लाइडवर लाल पट्टी आणि हे शब्द: मागील बाजूच्या सर्व गॅलऱ्यांचा वापर आजपासून पूर्ण बंद करावा. कपडे वाळत घालण्यासाठीही उभे राहू नये.

सरांना वाचून दाखवलं तेव्हा दुसरं वाक्य काढून टाका म्हणाले होते, फार घरगुती वाटतं म्हणून. मी ठेवलं होतं. ते शब्द मला रोज सकाळी आठवतात. कोणी पाहिलेच नाहीत ते.

इथे मी ठीक आहे. बराकीत तेवीसजणी आहोत. शिवणाच्या खोलीत काम मिळालंय, काज करते. जेवणाबद्दल आईला काही सांगू नकोस.

१८ सप्टेंबर लक्षात ठेव.

ताई


कसबा पेठ, पुणे
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

उशीर झाला. रागावली असशील.

झालं असं की, तुझं पत्र आलं त्याच दिवशी एकाने विचारलं, वेल्ह्याकडे ट्रेकचा गट न्यायचाय, दोन दिवस येतोस का. दोनाचे आठ झाले. पाऊस असा की गडावर स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि एक पिवळं कुत्रं पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर, त्याला सोडून यायला जीव होईना. परत आलो तर गणपती. कसब्यातून बाहेर पडायचं म्हणजे ढोलांच्या मधून वाट काढायची. नेट कॅफेवाल्या पद्मजाकाकूंनी चार दिवस दुकान बंदच ठेवलं.

काकू तुला माहीत असतील, गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्स आणि दोन कॉम्प्युटर. भिंतीवर पाटी आहे: कॉम्प्युटर आमचा, चूक तुमची. मी गेलो तर म्हणाल्या, “किती वेळ?”

म्हटलं, “माहीत नाही.”

“मग बसा. माहीत झालं की उठा.”

बसलो. तू लिहिलंस तसं सगळं केलं. फोनने विचारलं, हो म्हटलं. घड्याळाच्या खुणेवर दाबलं, यादी आली. बऱ्याच तारखा आहेत. एकेक दाबून बघितली. दोन तास बसलो असेन, काकूंनी पंखासुद्धा बंद केला.

वर दोन ओळी खोडल्यात. पेन गळतंय, मनावर घेऊ नकोस.

तर यादीत प्रत्येक तारखेपुढे नाव तुझंच आहे. १२ चं आहे, १५ च्या आधीचंही आहे, सगळीकडे उत्कर्षा, उत्कर्षा. त्यामुळे त्यातून काही निघेल असं वाटत नाही. उलट ते तुझ्यावरच यायचं. मॅडमना मी एवढंच सांगितलं की काही उपयोगाचं मिळालं नाही.

तुझा पासवर्ड ऑफिसात सगळ्यांना माहीत होता ना? कॅलेंडरवर लिहिलेला होता असं तूच मागे हसत सांगितलं होतंस. मग झालं. सरच.

काल विसर्जन झालं. आज सगळा रस्ता चपलांनी भरलेला आहे. एकेकट्या चपला. त्या कोणी न्यायला येत नाही.

मावशीला डॉक्टरांनी अजून दीड महिना उठू नको म्हणून सांगितलंय.

शंभू


येरवडा
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

चि. शंभू,

आशीर्वाद. पत्र मिळालं. पंखा बंद करूनही दोन तास बसलास, म्हणजे मनापासून केलंस.

प्रत्येकापुढे माझं नाव असणारच, खातं माझं आहे. प्रश्न तारखेचा आणि वेळेचा होता. १४ ला मी आर्वीच्या दवाखान्यात होते, आईच्या केसपेपरवर माझी सही आहे. त्या दिवशी माझ्या नावाने कोणी फाईल उघडली असेल तर ती मी नाही, इतकं साधं होतं. तू तारखा लिहून आणायला हव्या होत्यास. असो. मी तुला तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

सर दोनदा भेटायला येऊन गेले. पहिल्यांदा आले तेव्हा चादर आणली होती. म्हणाले, “उत्कर्षा, मी कोर्टात सांगेन की तू काळजीपूर्वक काम करणारी आहेस.” त्यांच्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही. पण मग आणखी कोण? पासवर्ड त्यांना माहीत होता, गॅलरीचं वाक्य त्यांना नको होतं. काल अपूर्वा मॅडम आल्या तेव्हा सरांचं नाव अर्जात घाला म्हणून मी सांगितलं. सहा वर्षं त्यांच्याकडे काम केलं. तरी सही केली.

गुरुवारी तू कोर्टात ये. मागे बस. चहाला जाऊ नकोस.

ताई


कसबा पेठ, पुणे
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

दिवाळीत पत्र टाकलं नाही. जामीन नामंजूर झाल्यावर काय लिहायचं ते कळत नव्हतं. मुलाखतीलाही दोन वेळा मनपापर्यंत येऊन परत गेलो.

कोर्टात मी मागेच बसलो होतो, तू वळून बघितलंस तेव्हा चहाला गेलेलो नव्हतो, खाली वाकून चपलेचा पट्टा बघत होतो. एवढं खरं मान.

बाहेर व्हरांड्यात श्याम सर भेटले. मी तोंड चुकवून निघालो तर त्यांनीच हाक मारली. वाळलेत. म्हणाले, “आपण उत्कर्षाचे मावसभाऊ ना? अहो, मी ती फाईल उघडलीसुद्धा नाही. उघडून बघायला हवी होती, हा माझा गुन्हा आहे. पण तो तुम्ही अर्जात लिहिलाच नाहीत. जो केला नाही तो लिहिलात.”

मी वाट सोडून बाजूला झालो.

“आता मी तिच्या बाजूने कसा उभा राहू, ते तुम्हीच सांगा,” म्हणाले आणि छत्री उघडून गेले. पाऊस नव्हता.

पुढचं ऐक. जुन्या फोनवर तुमच्या ऑफिसचा मेल आला, तुझं खातं ३१ ऑक्टोबरला बंद होणार आणि त्यातलं सगळं पुसलं जाणार. त्यांच्या वकिलांनी सांगितलं म्हणे, नाव काढून टाका, सगळा संबंध तोडा. मी ३० ला धावत काकूंकडे गेलो. फाईलची प्रत करून माझ्या स्वतःच्या खात्यात टाकली. बत्तीसच्या बत्तीस स्लाइड. म्हणजे आता खातं गेलं तरी फाईल आपल्याकडे. काकू म्हणाल्या, “आज काय, घामाघूम?” म्हटलं, काकू, पुरावा वाचवला. त्या म्हणाल्या, “वाचवलेला एकदा उघडूनही बघा. इथे लोक कोऱ्या पानांच्या झेरॉक्सा काढून नेतात.”

उघडला की, सगळ्या स्लाइड आहेत. या वेळी मी चुकलो नाही, ताई.

मथुराबाईला जावयाने बोलावलंय, डिसेंबरात जाते म्हणते. बघू.

शंभू


येरवडा
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

शंभू,

तुझं पत्र मिळालं. मागची पत्रंही काढून परत वाचली. इथे वाचायला दुसरं फार नसतं.

पुरावा वाचवला, असं लिहिलं आहेस. सप्टेंबरात लिहिलं होतंस की त्यात उपयोगाचं काही नाही.

एकच विचारते. १४ जूनला तू खोलीवर होतास ना? लॅपटॉप मी टेबलावर ठेवून गेले होते.

ताई


कसबा पेठ, पुणे
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ताई,

या वेळी मी मधे दुसरं काही लिहिणार नाही. ज्या बाई वाचतात त्यांनी वाचावं.

होतो. मी खोलीवरच होतो. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी एका ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं होतं की तुझ्या सहलींचं काहीतरी दाखव, स्लाइड वगैरे करून आण, मग बघू कामाचं. मला कुठे येतं ते. तुझा लॅपटॉप उघडला तर वल्लरीची फाईल समोरच होती. तिच्या कडेच्या निळ्या रेघा, मोठे आकडे, सगळं इतकं नीट होतं. मी तुझे फोटो काढून माझे टाकले. भेगांच्या जागी देवकुंडचा धबधबा, खांबाच्या जागी मी, हात पसरून. आधी प्रत करून मग त्यात करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आपण ‘जतन करा’ म्हणत नाही तोवर ते जतन होत नाही. ते आपोआप होत असतं. तुझी फाईल आणि माझी सहल एकच झाली.

संध्याकाळी त्या माणसाला दाखवलं. तो जेवत होता. म्हणाला, छान आहे, नंतर बोलू.

परत येऊन मी सगळं जसं होतं तसं करायला बसलो. शोधता शोधता ती यादी सापडली आणि ते बटण. कुठली तारीख घ्यायची ते कळेना. तू १२ ला फाईल पाठवलीस हे तेव्हा मला माहीत नव्हतं. १० जून दुपारचं उघडलं. पहिल्या तीन स्लाइड बघितल्या. नाव होतं, इमारतीचा फोटो होता, रंग होते. म्हटलं, हेच. बटण दाबलं आणि लॅपटॉप पुसून ठेवला. तुला कळू नये म्हणून फडक्याने बोटांचे ठसेसुद्धा पुसले. चौदापर्यंत मी गेलोच नाही. तिथे दहा तारखेला अजून जुन्या कुठल्यातरी इमारतीचं वाक्य होतं, किरकोळ दुरुस्तीचं.

गॅलरी पडली तेव्हाही माझ्या डोक्यात हे आलं नाही. खरंच नाही. ऑगस्टात तुला सरांचं नाव लिहिलं ते मनापासून लिहिलं. काकूंकडे यादी उघडली तेव्हा १४ जूनच्या ओळीवर दाबलं आणि पडद्यावर मी आलो, हात पसरून. खाली तुझं नाव. पुढच्याच ओळीत लिहिलेलं, दहा तारखेचं रूप परत आणलं. त्यालाही तुझं नाव.

त्या दिवशीच मॅडमकडे गेलो असतो तर तू सप्टेंबरात सुटली असतीस. मी निघालोही होतो. मंडईपर्यंत गेलो आणि तिथून दुसरीकडे वळलो. मग तू सरांचं नाव घातलंस. मग ते बदलायला मी तोंड उघडायला हवं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं की पुढच्या पत्रात लिहू.

तुझ्या तीन ओळींच्या पत्रानंतरही महिना गेला. गेल्या आठवड्यात अपूर्वा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, “शंभू, तारीख हरली की भाऊ येतात. गुन्हा माझा म्हणतात. कोर्टाने असे शेकडो भाऊ बघितलेत. पुरावा काय?”

मी माझ्या खात्यातली प्रत उघडून दिली. म्हटलं, यादी उघडा, १४ जून बघा. त्यांच्या असिस्टंटने घड्याळाच्या खुणेवर दाबलं. यादीत एकच ओळ होती. ३० ऑक्टोबर. त्याच्या आधी काही नाही. प्रतीत स्लाइड येतात, मागचा इतिहास येत नाही. प्रत करतो त्या दिवशी तिचा जन्म. काकूंनी उघडून बघा म्हटलं होतं तेव्हा मी स्लाइड बघितल्या. पहिल्या तीन.

मूळ फाईल खात्याबरोबर गेली. फाईल जिच्याकडे नेटवर होती त्या कंपनीला मॅडमनी अर्ज केला, उत्तर दोन ओळींचं आलं: या खात्याची माहिती आता उपलब्ध नाही. मी त्या ट्रॅव्हलवाल्याकडेही गेलो. त्याला मी आठवत नाही.

मॅडम सांगत होत्या, लॅपटॉपमध्ये काही राहिलं असेल तर तज्ज्ञांचा अहवाल येईल, त्याला वर्षही लागतं. सांगताना त्या दुसरी फाईल बांधत होत्या.

शंभू


येरवडा
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

शंभू,

सप्टेंबरच्या पत्रात तू दोन ओळी खोडल्या होत्यास. पेन गळतंय म्हणालास. बाकीच्या पत्रावर एक डाग नाही. नोव्हेंबरात सगळी पत्रं परत काढली तेव्हा तो कागद खिडकीच्या उन्हात धरला. खोडताना तू जोर दिला नव्हतास. वाचता आलं: “१४ तारखेला माझा फोटो आहे ताई, धबधब्यापुढचा. ते मी केलं.”

म्हणून तुला विचारलं होतं. तू लगेच हो लिहिलं असतंस तरी कोर्टात काही बदललं नसतं, खातं तेव्हा गेलंच होतं. मला तेवढं हवं होतं, इतकंच. त्यालाही तू महिना घेतलास.

त्या पत्रावर इथला ९ सप्टेंबरचा शिक्का आहे. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणतील, खोडलेलं आहे, पण चालवून बघू. चाललं तर तू आत येशील. माझं नाव पहिल्या स्लाइडवर आहेच, ते कोणी काढत नाही, म्हणजे मी सुटेनच असं नाही. मथुराबाई जावयाकडे गेल्या असतील. आईला पलंगावरून खुर्चीत कोण बसवतं, ते तू अजून लिहिलेलं नाहीस. मी ते पत्र देणार नाही. फाडणारही नाही. माफ केलं असं समजू नकोस.

आणखी एक, हे मीही कुठे सांगितलेलं नाही. ५ जूनला मी त्या गॅलरीत उभी होते. पायाखाली पोकळ वाजलं. कांताबाई माझ्या शेजारीच होत्या, बादली घेऊन, मी बाजूला व्हायची वाट बघत. मी त्यांना काही बोलले नाही. आमच्या ऑफिसचा नियम होता: सांगायचं ते स्लाइडमध्ये, साइटवर तोंडी काही सांगायचं नाही, लोक घाबरतात. मी बाजूला झाले आणि त्या आत आल्या. सभेला फ्लॅटवाले बसतात. चौदा नंबरची स्लाइड लाल असती तरी ती कांताबाईंना कोणी दाखवली असती का, ते मला माहीत नाही.

आणि ते जुनं वाक्य. मीही मागच्या इमारतीच्या स्लाइडवरच पुढची इमारत चढवत आले. सहा वर्षं.

तू आर्वीला जा. आजच. खोलीची किल्ली मालकांना दे. तिथे राहायचं, आई उठेपर्यंत, आणि नाही उठली तरी. गड, कुत्रं, ट्रेक काही नाही. मी इथे आहे तोवर तू तिथे. हे मी विचारत नाहीये.

ताई


आर्वी
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

२४ डिसेंबरपासून इथेच आहे. किल्ली दिली. काकूंना सांगून आलो. त्या म्हणाल्या, “पाटी तुमच्यासाठी नव्हती हो लावली.”

सकाळी मावशीला उठवून खुर्चीत बसवतो. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली, ती मानेला धरते. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलो, ती ओरडली नाही, नुसती दात दाबून राहिली. डॉक्टर म्हणतात हाड बसलं ते वाकडं बसलं. आता ती आधाराशिवाय चालेल असं धरू नका म्हणतात.

पुढची तारीख मार्चमध्ये आहे, मॅडमचा निरोप आला. अहवाल आलेला नाही.

परवा दुपारी मावशी म्हणाली, “पोरीनं काय केलतं ते मले दाखव तं खरं. सारे सांगतेत, मी काई पायलंच नाई.” माझ्या खात्यात ती प्रत आहेच. फोन तिच्या मांडीवर धरला. पहिल्या स्लाइडवर तुझं नाव आलं तर तिने पदराने काच पुसली. मग एकेक अक्षर लावत सगळं वाचत गेली. तीनवर थांबली नाही. चौदावी आली. मोठ्याने वाचलं: मागील गॅलऱ्या, किरकोळ दुरुस्ती, पावसाळ्यानंतर करावी.

माझ्याकडे बघून म्हणाली, “हे तं साधंच लिवलं हाय. मंग माह्या पोरीले काऊन धरलं?”

मी सांगितलं. मावशी, हे तिचं नाही, हे माझ्या हाताने झालंय. सगळं सांगितलं, धबधब्यापासून. ती ऐकत होती. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, “राहू दे बापू. बहिणीसाठी तू किती आपल्या अंगावर घेतं.”

मी पुन्हा सांगितलं. ती झोपते म्हणाली.

ती झोपल्यावर मी तुझं ११ ऑगस्टचं पत्र काढलं आणि त्या प्रतीत चौदावी स्लाइड तुझ्या शब्दांत लिहिली. पट्टी लाल केली. मागील बाजूच्या सर्व गॅलऱ्यांचा वापर आजपासून पूर्ण बंद करावा. कपडे वाळत घालण्यासाठीही उभे राहू नये. दुसरं वाक्य काढलं नाही.

मग घड्याळाच्या खुणेवर दाबलं. यादीत आता दोन ओळी आहेत. दोन्हींपुढे माझं नाव आहे. वरच्या ओळीची तारीख १६ जानेवारी.

मावशी हाक मारते आहे. तिला कूस बदलायची असेल.

शंभू